घासून आणलेली चकाकी : मोटारीच्या रंगाचा आणि पॉलिशचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानमालेत गाडीचं पॉलिश कशाला, असा प्रश्न इथे बसलेल्यांपैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. राजे, लढाया, तह, कायदे यांना आपण इतिहास म्हणतो. पण एखाद्या वस्तूला चकाकी कशी आली, ती आणायला कोणाचे हात झिजले आणि ती टिकवायचा खर्च कोणाच्या माथी पडला, हाही इतिहासच आहे. मोटारीच्या रंगाचा हा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. त्याचा बराचसा भाग अमेरिकेत घडला, आणि त्याचे परिणाम आज आपल्या पार्किंगमध्ये उभे आहेत.

सुरुवात डोळ्यांना दिसतं तिथून करू. काळी किंवा गडद निळी गाडी दुपारच्या उन्हात उभी असली, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल गोल चरे दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. गॅरेजवाले त्याला ‘स्वर्ल’ म्हणतात. आता गंमत बघा. तुम्ही दोन पावलं बाजूला सरका, ते जाळंही तुमच्याबरोबर सरकतं. म्हणजे रंगावर खरोखर गोल चरे असतीलच असं नाही. चरे सगळ्या दिशांनी असतात, आडवे, उभे, तिरपे. त्यातले जे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला धरून असतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात. बाकीचे तिथेच असतात, पण आपल्याला दिसत नाहीत. म्हणून सावलीत गाडी नवी दिसते आणि उन्हात जुनी. विकणारा सावलीत दाखवतो आणि जाणकार उन्हात बघतो, त्याचं कारण हेच.

मग पॉलिश म्हणजे नेमकं काय? आपली समजूत अशी असते, की पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणं. बुटाला लावतो तसं. गाडीच्या बाबतीत ती समजूत उलटी आहे. मशीन पॉलिश म्हणजे वरून काहीतरी काढून टाकणं. चरा हा रंगातला खड्डा आहे. खड्डा भरत नाही, आजूबाजूची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल जवळपास हेच सांगितलं आहे: घासणारी पूड काचेवर चरेच पाडते, फक्त ते इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्यात बरीच भर घातली. घासताना उष्णतेने पृष्ठभाग थोडा मऊ होऊन सरकतो, हे विसाव्या शतकात समजलं. पण गाडीच्या रंगापुरतं न्यूटनचं म्हणणं पुरेसं आहे. मोठे चरे काढायचे आणि त्यांच्या जागी न दिसणारे चरे ठेवायचे, एवढाच हा व्यवहार.

आणि हे काढण्याचं काम करतो तो पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. आजच्या बहुतेक पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड असते. त्याचं निसर्गात सापडणारं रूप म्हणजे कुरुंद. शिकलगार ज्याच्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावत, ते हे कुरुंद. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याकडूनच, तमिळ ‘कुरुंदम’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ यांच्या घराण्यातून गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून हाच पदार्थ कारखान्यात बनवायला लागले, आणि घासण्याची पूड हवी तेवढ्या बारीक दाण्याची, एकसारखी मिळू लागली. ‘जिल्हई’ हा आपला जुना शब्द आहे, भांड्याला, हत्याराला, लाकडाला दिलेली चकाकी. ती देणारा माणूस आणि त्याची पूड, दोन्ही मोटारीच्या आधीपासून होती.

आता मोटारीकडे येऊ. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच. त्यामुळे त्यांचा रंगही बग्गीचाच होता: जवसाचं तेल, शिशाचा सफेदा आणि वरून व्हार्निश. हे रंग हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतात. एक हात मारायचा, दिवस-दिवस थांबायचं, प्यूमिस दगडाच्या पुडीने, नमद्याच्या तुकड्याने, पाणी टाकत घासायचं, पुन्हा हात मारायचा. असे पंधरा-वीस थर होत. एका चांगल्या गाडीला काही आठवडे लागत, कधी महिन्याहून जास्त. व्हार्निशच्या खोलीत धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडत. आणि या धंद्यात शिशाच्या धुळीने माणसं आजारी पडत, हे तेव्हाच्या कामगार-आरोग्याच्या नोंदींत वारंवार येतं. पुढे शिशाचा रंग कोरडा घासू नये, ओलाच घासावा, असे नियम काही देशांना करावे लागले.

इथे एक बारकावा लक्षात ठेवू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बग्गीवाले घासत असत ते आतले थर. शेवटचा व्हार्निशचा हात मात्र घासत नसत. तो ब्रशने सोडायचा आणि आपोआप पसरून, सपाट होऊन वाळू द्यायचा. म्हणजे ती चकाकी वाहून आलेली होती. घासण्याचं काम खाली दडलेलं होतं. चकाकीचे हे दोन प्रकार आहेत: एक वाहून येणारी, दुसरी घासून आणलेली. मोटारीच्या रंगाचा इतिहास म्हणजे या दोन प्रकारांमध्ये मारलेल्या येरझारा आहेत.

फोर्डने या वेळखाऊ कामातून आपला मार्ग काढला. १९१४ ते १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघाली. डांबराच्या जातीच्या काळ्या रंगात सुटे भाग बुडवायचे किंवा त्यावर तो ओतायचा, आणि भट्टीत भाजायचे. स्वस्त, टिकाऊ, पण रंग एकच. बाकीच्या कंपन्यांपुढे प्रश्न होता, की ग्राहकाला रंगीत गाडी हवी आहे आणि ती वाळेपर्यंत ठेवायला कारखान्यात जागा नाही. शेकडो गाड्या नुसत्या वाळत पडलेल्या. गाडी जोडणं तासांवर आलं होतं आणि रंगवणं अजून आठवड्यांवर होतं.

हा तिढा सुटला तो बंदुकीच्या दारूमुळे. पहिल्या महायुद्धात ड्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाला नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला धूरविरहित दारूचा मूळ पदार्थ, प्रचंड प्रमाणात बनवला. युद्ध संपलं आणि त्या पदार्थाला गिऱ्हाईक उरलं नाही. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आधीपासून होतं, पण ते इतकं दाट व्हायचं, की फवारण्यासाठी खूप पातळ करावं लागे आणि मग थर अगदी विरळ बसे. १९२० च्या सुमारास ड्यू पाँच्या रसायनशास्त्रज्ञांना कमी दाटपणाचं नायट्रोसेल्युलोज करण्याची रीत सापडली. आता थोड्या द्रावकात भरपूर रंगद्रव्य मावू लागलं. त्याच काळात जनरल मोटर्समध्ये ड्यू पाँचा मोठा हिस्सा होता, आणि जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग झटपट वाळणाऱ्या रंगाच्या मागे लागलेले होते. दोन्ही गरजा जुळल्या. १९२३ साली ओकलंड नावाची गाडी निळ्या रंगात बाजारात आली. त्या रंगाचं व्यापारी नाव होतं ‘ड्युको’.

हे नाव ऐकून इथले सुतारकाम, रंगकाम जाणणारे मान डोलावताना दिसताहेत. बरोबर. आपल्याकडे आजही कपाटाला, दाराला ‘ड्युको मारायचा’ म्हणतात. एका अमेरिकन कंपनीचं व्यापारी नाव आपल्या कारागिरांच्या तोंडी कामाचं नाव होऊन बसलं.

ड्युको हवेशी संयोग करून वाळत नाही, त्यातला द्रावक फक्त उडून जातो. त्यामुळे आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. पण द्रावक इतक्या झपाट्याने उडतो, की रंगाला पसरून सपाट व्हायला वेळच मिळत नाही. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत आणि मंद राहतो. म्हणजे वाहून येणारी चकाकी गेली, आता ती घासून आणावी लागणार. आधी पाणी पेपर, मग रबिंग कंपाउंड, मग लोकरीचं पॅड. कारखान्यात गाड्यांच्या रांगेबरोबर घासणाऱ्या माणसांचीही रांग उभी राहिली. हातात धरायचं विजेचं ड्रिल जर्मनीत १८९५ पासून होतं, पिस्तुलासारखी मूठ असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत १९१७ मध्ये मिळालं. त्याच घराण्यातल्या यंत्रांना मेंढीच्या लोकरीची गादी लावली, की झालं पॉलिशचं यंत्र. आपण ज्याला मशीन पॉलिश म्हणतो, त्याची गरज लॅकरने निर्माण केली.

बाहेरही एक बाजार उभा राहिला. लॅकर उन्हापावसाने पांढुरकं, खडूसारखं होतं. मग मालकाने ते घासायचं, वर मेण लावायचं, काही महिन्यांनी पुन्हा घासायचं. ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण याच धंद्यात मोठं झालं. ‘सिमोनाइझ’ नावाच्या पॉलिशच्या जाहिराती अमेरिकेत इतक्या गाजल्या, की गाडी घासून चमकवण्याला इंग्रजीत तेच क्रियापद वापरू लागले. कारखान्यातलं घासण्याचं काम असं मालकाच्या रविवारात येऊन बसलं.

पण लॅकरचा एक मोठा गुण होता. ते पुन्हा विरघळतं. घासून घासून थर पातळ झाला, तर वर नवा हात मारायचा, तो जुन्यात मुरून एकजीव होतो. आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या जमान्यात डेंटिंग-पेंटिंगवाले हेच करत. लांबी भरायची, पाणी पेपर मारायचा, एन. सी. पेंट फवारायचा आणि दुसऱ्या दिवशी रबिंग. चुकलं तर पुन्हा. त्या काळच्या रबिंगच्या सवयी बेफिकीर वाटतात, पण त्या रंगाला तो बेफिकीरपणा परवडत होता.

पुढचा टप्पा झपाट्याने सांगतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने ॲक्रिलिक लॅकर आणलं. तापवल्यावर ते मऊ होतं, म्हणून पेपर मारलेली बॉडी पुन्हा भट्टीत घालायची, म्हणजे पेपरचे चरे आपोआप वितळून जायचे. घासणाऱ्या माणसांचं काम भट्टीने घेतलं. दुसरीकडे इतर कंपन्या भट्टीत भाजून पक्क्या होणाऱ्या एनॅमलकडे वळल्या. त्यात चकाकी पुन्हा वाहून येऊ लागली. आणि १९७० चा अमेरिकेतला स्वच्छ हवेचा कायदा आल्यावर द्रावकाने भरलेल्या लॅकरचे दिवस संपत आले, कारण तो द्रावक शेवटी हवेतच जात होता.

मग आला क्लिअरकोट. १९७०-८० च्या दशकांत युरोप, जपान आणि नंतर अमेरिकेत ही पद्धत रूढ झाली. आज तुमच्या-आमच्या बहुतेक गाड्यांवर हीच आहे. यात रंगाचा थर वेगळा आणि अगदी पातळ असतो, आणि त्याच्यावर रंगहीन पारदर्शक थर. चकाकी आणि संरक्षण हे काम त्या वरच्या थराचं. तो रासायनिक बंधांनी आतून विणलेला असतो, पुन्हा विरघळत नाही. उन्हातली अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही त्यात असतात.

आकडे बघू म्हणजे नीट कळेल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनांचा. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यात क्लिअरकोट साधारण ३५ ते ५०. म्हणजे ज्याच्यावर आपण मशीन चालवतो तो थर केसापेक्षा पातळ आहे. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातो, जोरात रबिंग केलं तर चार-पाचही जाऊ शकतात. चाळीसपैकी दर वर्षी तीन घालवले, तर चार वर्षांत बारा गेले. थर बराच पातळ झाला, की ऊन आतपर्यंत पोचतं, काही वर्षांनी क्लिअरकोट पांढरा पडून पापुद्रे सुटतात, आणि मग पॉलिशने काही होत नाही. अख्खा भाग पुन्हा रंगवावा लागतो.

ही चकाकी व्याजातून येत नाही, मुद्दलातून येते. आणि मुद्दल किती शिल्लक आहे हेही आपल्याला नीट दिसत नाही. जाडी मोजायचं जे साधं यंत्र वापरतात, ते पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअरकोट किती ते सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही. दुसऱ्या मालकाकडून घेतलेली गाडी आधी किती वेळा घासली गेली, हे तिच्या कागदपत्रांत नसतं.

मजा अशी, की क्लिअरकोट आल्यावर चरे वाढले नाहीत, पण दिसायला लागले. आरशासारख्या थरावर आणि गडद रंगावर प्रत्येक रेघ उठून दिसते. त्यात स्वयंचलित धुलाईचे फिरते ब्रश होते, ते आधीच्या गाडीची माती पुढच्या गाडीवर घासत. कंपन्यांनाही हे सलत होतं. मर्सिडीझने २००३ मध्ये सूक्ष्म सिरॅमिक कणांचा अधिक कठीण क्लिअरकोट आणला, निस्सानने २००५ मध्ये बारीक चरे आपोआप भरून काढणारा लवचिक थर जाहीर केला. एकाने उत्तर कठीणपणात शोधलं, दुसऱ्याने मऊपणात.

घासणाऱ्यांची हत्यारंही बदलली. जुनं रोटरी मशीन एकाच आसाभोवती फिरतं. पॅडच्या कडेचा वेग मधल्यापेक्षा जास्त, एका जागी थांबलं तर उष्णता साठते. दरवाजाच्या कडेवर, बॉनेटच्या उठावावर थर आधीच पातळ असतो, तिथे क्षणात रंग उघडा पडतो. शिवाय सराव नसलेल्या हातात हे मशीन स्वतःचेच चरे सोडतं, उन्हात ते इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे हलताना दिसतात. कारागीर त्यांना हॉलोग्राम म्हणतात. त्यावर उत्तर म्हणून दुहेरी हालचालीचं मशीन आलं. पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी लहान वर्तुळात डोलतं, म्हणून एकच रेघ पुन्हा पुन्हा पडत नाही. लोकरीबरोबर फोमची पॅडं आली. रोटरी काम लवकर उरकतं, दुहेरी मशीन हळू पण सांभाळून. चांगला कारागीर आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिश वापरून बघतो, त्याने भागलं तर पुढे जात नाही. नख अडकेल असा खोल चरा तो काढायला जात नाही, नुसता बोथट करून सोडतो. आणि काही जण तेलकट ग्लेझ भरून चरे झाकतात. उन्हात सुंदर दिसतं, चार वेळा गाडी धुतली की जाळं परत. अशा वेळी गाडीचं काही गेलेलं नसतं, गिऱ्हाइकाचे पैसे तेवढे गेलेले असतात.

आता आपल्या पार्किंगमध्ये येऊ. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसणारा माणूस येतो. एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. क्वार्ट्झ क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कठीण. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर त्या बादलीतलं पाणी म्हणजे पातळ केलेलं रबिंग कंपाउंडच असतं. वर्षातून तीनशे दिवस गाडीवर ते फिरतं. मग मालक वैतागतो, पुसणाऱ्याला बोलतो, आणि डिटेलिंगच्या दुकानात जाऊन जाळं काढून घेतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच बादली, तेच फडकं.

आम्हाला यात पुसणाऱ्याचा दोष दिसत नाही. एका नळावर, तासा-दोन तासांत वीस गाड्या पुसायच्या, तर कोणीही असंच करील. बग्गीच्या व्हार्निशवाल्यापासून ड्युको घासणाऱ्या कामगारापर्यंत आपण हेच पाहिलं, की चकाकीचा हिशेब करताना घासणाऱ्या हाताचा हिशेब कोणी करत नाही. तिथे शिशाची धूळ होती, इथे थंड पाण्याची बादली आहे. डिटेलिंगला हजारोंनी मोजणारे आपण महिन्याच्या पुसणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि जे वाचवतो ते क्लिअरकोटमधून वळतं होतं.

व्याख्यानाआधी एका काकांनी विचारलं होतं, ‘मग पॉलिश करूच नये का?’ करावं की. गाडी जुनी झाली, उन्हात बघवत नाही, तर एकदा चांगल्या हाताने, सौम्य पॉलिशने करून घ्यावं. पण दर दिवाळीला नको. आणि त्याआधी कोरडं फडकं बंद करावं. आठवड्यातून एकदाच धुवा, पण आधी पाण्याच्या धारेने धूळ सुटू द्या, मग साबणाचं पाणी, मऊ मायक्रोफायबरचं फडकं, आणि ते खळबळायला दुसरी बादली. रोज पुसणाऱ्याला सांगा, की रोज नको, आठवड्यातून दोनदाच ये, नीट धू, पैसे तेवढेच घे. त्याचं काम कमी होईल, तुमचे चरे कमी होतील. काकांची गाडी काळी आहे असं कळलं. त्यांनी हे उद्यापासूनच करावं.